घसरू द्या, मामा

चातुर्मासात फैजपूरच्या मंगल कार्यालयाला कुणी विचारत नाही.
खुर्च्या एकात एक अडकवून भिंतीला,
स्टेजवर ताडपत्री,
आणि मधे साठ बाय चाळीस कोटा फरशी
नुसती पडलेली.

चावी माझ्याकडे.
निवृत्तीनंतर इथंच बसतो, कबुतरं हाकलतो.
वारके सरांची हिमानी आली, नववीतली,
"मामा, रविवारी फरशी देता का? काही सांडणार नाही."

पिशवीतून गाडी काढली, दोन वीत लांब, निळी,
पुढचा बंपर आधीच चिकटपट्टीवर.
चाकांना रबर नाही.
पाइपाच्या चकत्या आहेत, जळगावला एमआयडीसीत
तिच्या काकांनी करवतीनं कापून दिलेल्या,
ज्या पाइपातून आमच्याकडे केळीला पाणी जातं, त्याच.
नख फिरवून पाहिलं. नक्षी नाही, काही नाही.
म्हटलं, "पोरी, हिला पकडच नाही."
"नकोच आहे," ती म्हणाली.

एकतीस वर्षं यावल डेपो.
रोज सकाळी सहा टायरांना टॉमीनं ठोकून आवाज ऐकला,
घसरली गाडी तर मेमो,
आणि ही म्हणते, नकोच आहे.

आधी फरशी पुसली. कोरड्या फडक्यानं,
धूळ राहिली की गाडी मधेच अडखळते म्हणे.
मग मधोमध स्टीलचा ग्लास उपडा ठेवला:
"याच्याभोवती एक गोल. एवढंच. आठवडाभर एवढंच."

मी रिमोट धरला. बोट दाबलं.
निळी गाडी जागच्या जागी गरगरली
आणि खुर्च्यांत घुसली.
पुन्हा. पुन्हा खुर्च्या.
"कायले दाबता इतकं? बस नाहीये ती, मामा.
बोट नुसतं ठेवा. जरासक सोडा. परत ठेवा."

आणि गाडी माझ्याकडे तोंड करून आली
की तिचा डावा माझा उजवा होतो,
हात गोंधळतात.
त्यावर माझा मीच उपाय काढला,
मनानं आत जाऊन बसतो, ड्रायव्हरच्या सीटवर,
दोन वीत गाडीत, गुडघे दुमडून.

"शेपूट जिकडं पळेल, तिकडंच चाक.
घाबरून उलटं ओढू नका. घसरू द्या."
गाडीच्या पोटात काडेपेटीएवढी डबी आहे, जायरो.
घसरण तिला आधी कळते,
पुढची चाकं ती आपोआप वळवते,
आपण फक्त तिच्या मधे यायचं नाही.

पालच्या घाटात एकदा डिझेल सांडलेलं होतं.
चव्वेचाळीस माणसं, टपावर दोन बकऱ्या.
मागची बाजू दरीकडे निघाली
आणि माझे हात दरीकडेच वळले, मला न विचारता,
आणि गाडी सरळ झाली.
तायडे कंडक्टर सुटे मोजत होता. म्हणाला, "खड्डा होता का?"
मी हो म्हटलं.
घरी सांगितलं नाही. लॉगशीटवर रकानाच नव्हता.
डबी कुठं असते माणसाच्या, कोण जाणे.

चौथ्या रविवारी जमलं.
नाक ग्लासाकडे, शेपूट बाहेर,
पाइपाची सर्रर्र एकसारखी, ना वर ना खाली,
एक गोल, दीड,
पावणेदोनला ग्लास उडाला.
हिमानी स्टेजवर बसून केळीचे वेफर्स खात होती,
तोंडात घास तसाच ठेवून म्हणाली, "झालं होतं ना!"
तेवढ्यात बॅटरी बसली. अठरा मिनिटांची तर असते.

परवा ट्रस्टी फालक आले.
फरशीवरच्या करड्या रेघा पाहिल्या,
गोलात गोल, गोलात गोल.
"हे काय हो?"
"वऱ्हाड नाचलं असेल," मी म्हणालो.
"श्रावणात?"
मी चाव्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला.
ते रेघांभोवती एक फेरी मारून आले,
थोडं वाकून,
मग म्हणाले, "आठाचा आकडा काढता येतो का याच्यावर?"