तळ्याची हजेरी

हे तळं मी खणलं.
तळं म्हणावं एवढं नाही ते,
शाळेच्या जुन्या कोळशाच्या खोलीमागे
चार पावलं रुंद, सहा लांब,
कडेनं पाटीच्या दगडाच्या फरश्या.
वेल्सच्या या गावात तो दगड फुकट मिळतो.
खाण बंद पडल्यापासून तर
न्यायचा का म्हणून कुणी विचारतही नाही.

आज तिसरीची पोरं काठावर पालथी पडलीत.
गुडघे हिरवे, बाह्या कोपरापर्यंत ओल्या.
मिस प्रोबर्ट वही उघडून हजेरी घेतात:
पाणगोगलगाय? सात, मिस.
पाणविंचू? एक, पण तो मेल्याचं सोंग करतोय.
बेडूकमासे? मोजता येत नाहीत, सारखे हलतात.
तुम्ही तरी कुठे बसता जागेवर, मिस म्हणतात.

गेथिन पांढऱ्या बशीत चतुराची अळी ओततो.
आमच्या भाषेत चतुराला
सापाचा नोकर म्हणतात.
हा नोकर अजून कामावर रुजू व्हायचाय,
तळाच्या गाळात त्याची उमेदवारी चाललीय.
जबडा मात्र आत्ताच तयार:
बघता बघता शेजारचा बेडूकमासा अर्धा.
मॅबली रडते.
मग डोळे पुसून पुढे सरकते, नीट बघायला.

तेवढ्यात एलेरी ओरडते,
मिस, काडी चालतेय!

काडी नव्हे, घर.
कॅडिसच्या अळीनं तोंडातल्या धाग्यानं सांधलेलं,
पाटीचे कपचे, कुजलं देठ,
फुटक्या शंखाचा तुकडा,
आणि दाराशी
एक निळा मणी.

माझा आहे तो.
गेल्या साली इथेच तुटली होती माळ,
कार्डिफला गेलेल्या बहिणीनं ओवलेली.

काढून घे मग, तुझाच आहे.
घर मोडेल तिचं.
बांधेल की दुसरं.
तू बांध बघू, तोंडानं.
मिस काहीच बोलत नाहीत.
मोठी माणसं गप्प राहिली
की पोरांना घाम फुटतो.
मीही उगाच झाडू धरून उभा.

एलेरी बोट पाण्यात घालते.
अळी सर्रकन आत.
बोट तिथंच, पांढरं पडेपर्यंत.
मग हळूच डोकं बाहेर, सहा पाय,
आणि घर ओढत ओढत
मणी बोटाला घासून पुढे जातो.

मोठी झाली की सोडून जाते ना ती घर?
जाते, मिस म्हणतात,
पण कुठं टाकलं ते सांगत नाही.
एलेरी बशी तळ्यात तिरकी करते.
मिस वहीत लिहितात: कॅडिस, एक. मणी, एक.
जरा थांबून पुढे लिहितात: उसना.

घंटा झाली. व्हरांडाभर ओले बूट.
बश्या विसळताना बादलीच्या तळाशी
मोहरीएवढं लाल काहीतरी
गरगर पोहत होतं.
त्याचं नाव कुणी पुकारलं नव्हतं,
मलाही ठाऊक नाही.
गुडघा दुखतो माझा, पायऱ्या नऊ आहेत.
तरी बादली परत नेली.
हजर तर तेही होतं.