तेरावं

बारा लॉक होते. ताटलीत मोजून ठेवलेले,
रॉकेलमध्ये, कापलेल्या नखांसारखे.
अकरावं बसवताना बोट घसरलं.

टिक्.
मग थोडं खाली, टिक्.
मग बऱ्याच वेळानं असं काही
की त्याला आवाज म्हणावं, की तेलानं मिटलेलं तोंड.

ओम्नीचं इंजिन सीटखाली असतं,
माणूस जन्मभर त्याच्यावर बसून गाडी हाकतो.
मी सीट उलटवून, गुडघे छातीला लावून
भोकाकडे पाहत राहिलो. करंगळी जाईल एवढं भोक.
त्यात आधी चिंधी कोंबायची असते.
प्रज्वलला हे सोमवारीच शिकवलं होतं.

"पडलं काय, भाऊ?"
"नाही पडलं."
"आवाज आला नं."
"तू चहा सांगून ये."

लहानपणी मावशीसोबत मोह वेचायला जायचो, अंधारातच.
फूल पडलं की ती म्हणे, हे दगडावर. हे पाल्यात.
हे तुह्या टोपलीत, पाह्य.
कान तेव्हाचा आहे. म्हणून ठाऊक होतं मला
ते कुठं गेलं: ऑइलच्या वाटेनं, तळाला.
तरी माणूस आधी वरवरच शोधतो.

प्रज्वलनं बंद पडलेला इअरफोन फोडला,
मसुराएवढं चुंबक काढून
क्लचच्या तारेला फेविक्विकनं चिकटवलं.
तार आत गेली, भिंतीला चिकटली, सुटली, पुन्हा चिकटली.
वर आली तेव्हा टोकावर फक्त काळी साय.

कुमरे निंबाखाली बसून.
उद्या त्याला कुर्लीच्या नऊ पोरी
दहावीच्या पेपरला घाटंजीत आणायच्या होत्या.
"एवढंसं तं हाय," तो म्हणाला, "राहू द्या नं आतमंधी.
भातातला खडा आपल्या पोटात नाही जात काय?"
मी हसलो.
त्याच्याआधी मीच तसं म्हणून झालो होतो, मनात.
भंगाराच्या डब्यात तसलंच एक लॉक होतं.
त्याला कळलं नसतं. इंजिनालाही, कदाचित.

दिवस कलला तेव्हा गाडीखाली पोतं टाकलं.
ऑइल टोपल्यात सोडलं. पंधरा बोल्ट.
संप उतरला, जुन्या गॅस्केटची पापडी ओरबाडत.
टॉर्च प्रज्वलच्या दातात.
तळाशी गाळ, काकवीसारखा. बोट फिरवलं.
मिळालं.
आणि बोट पुन्हा अडलं.

स्प्रिंग वॉशर.
कडा गुळगुळीत, चघळून ठेवलेल्या सुपारीसारखा.

हे इंजिन माझ्याआधी एकाच माणसानं उघडलेलं.
पुंजाराम मिस्त्री. मी तेव्हा त्याचे पाने पुसायचो.
मोजून ठेव बे, म्हणायचा,
चुकलं की सोळा-सतराचा पाना पेरांवर.
त्या दिवशी म्हणाला, एक वॉशर कमी हाय,
तूच हरवला. मी रात्री कंदील घेऊन
अख्खं अंगण चाळणीनं चाळलं,
कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत.

त्यालाही आवाज आला असेल का?
विचारायला तो नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी गेला.
तेरवीला मी गेलो नाही,
एक गाडी उघडी पडली होती.

प्रज्वलनं दातातून टॉर्च काढला.
"दोन? हे दुसरं कोणाचं, भाऊ?"

दहा बसलेले, एक ताटलीत, एक हातात. बारा.
आणि हा.
मी तो बनियनला पुसला, पुन्हा पुसला.
"दुपारी नाही म्हटलं नं तुले," मी म्हणालो,
"पडलं होतं. माह्याच हातून."
"मले मालूम होतं," तो म्हणाला,
आणि टॉर्च परत तोंडात धरला.

साडेनऊला चावी फिरवली.
तिघंही वाकून, कान देऊन.
कुमरेनं किती झाले विचारलं,
मी ऑइलचे पैसे सोडून सांगितले.