एक अ कमी

एकतीस वर्षं मी देवघेवीच्या खिडकीत बसलो.
माणसं पुस्तक नेताना कशी दिसतात
आणि परत आणताना कशी,
एवढंच माझं शिक्षण.

दाखल क्रमांक चव्वेचाळीसशे सतरा.
राज्यशास्त्र. भाषांतरित. तपकिरी कापडी बांधणी,
कण्यावरची सोनेरी अक्षरं कधीच गेलेली.
मागच्या चिठ्ठीवर तारखांची ही रांग,
आणि आत
चहाचा डाग पान नऊवर,
तंबाखूची पूड पान चौदावर,
सिन्नर गाडीचं तिकीट पान बावीसवर.
त्यापुढे पानं अशी करकरीत
की उलटताना छापखान्याचा वास यायचा.

वर, माडीवर, दर मंगळवारी अभ्यासमंडळ.
गायधनी सर चिवडा फिरून होईपर्यंत थांबायचे,
मग डोळे मिटून:
"भयावाचून राज्य चालत नाही, असं तो म्हणतो."
तो!
जणू काल संध्याकाळी दोघं
सोमेश्वरला कणसं खात बसले होते.
निमसे वकील कडाडून विरोध करायचे.
त्यांचं तिकीटही बावीसच्या पुढे गेलेलं नव्हतं,
पण आवाज होता.

वाक्य जिना उतरून गावात गेलं.
गोदाघाटावरच्या व्याख्यानांत,
कॉलेज रोडच्या पोरांच्या निबंधांत,
एका वर्षी तर सातपूरच्या भिंतीवर
उमेदवाराच्या नावाखाली, निळ्या रंगात.

मग सुलोचना पाळदे. राहणार नाशिकरोड.
नोट प्रेसमध्ये तपासणीला.
दिवसभर ताव बघायचे: कुठे रेघ तुटली,
कुठे आकडा सरकला. एक सुटला की चौकशी.
बाईंनी चव्वेचाळीसशे सतरा नेलं.
पंधरा दिवसांनी तारीख वाढवून घेतली.
पुन्हा वाढवली. पुन्हा.
परत आलं तेव्हा पुस्तक फुगलेलं होतं,
डब्यातल्या लसणाचा वास थेट परिशिष्टापर्यंत.

पान दोनशे बारा, समासात, शिसपेन्सिलीनं:
"इथे अ पडला आहे. अभयावाचून. मागचं पान पाहा."

मी मागचं पान पाहिलं.
माणसाला रात्री कडी न लावता झोपता यावं
म्हणून राज्य असतं,
असं तिथे पाऊण पान लिहिलं होतं. सरळ मराठीत.

मंगळवारी पुस्तक उघडून सरांपुढे ठेवलं.
सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
म्हणाले, "ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालते का?"

पाच रुपये दंड. पावती मीच फाडली.
पाळदेबाईंनी सुटे दिले, वाद नाही,
विचारलं, "दुसरा खंड आहे?"
नव्हता.
संस्थेनं कधी घेतलाच नव्हता,
कुणी मागितलाच नव्हता.

सरांचं वाक्य पुढेही चालू राहिलं,
अ शिवायच.
फक्त "तो म्हणतो" जाऊन तिथे
"मला वाटतं" आलं.

नियम असा की खुणा खोडूनच पुस्तक कपाटात लावायचं.
खोडरबर घेऊन बसलो.
"हे पटत नाही" गेलं,
"असंच आमच्या युनियनमध्ये झालं" गेलं,
"म्हणजे कुणाचं भलं?" गेलं, पुसटसं राहून.
दोनशे बाराशी हात थांबला.
एवढा एक अ, म्हटलं, राहू दे.

आणि मी?
मी एकतीस वर्षं त्याची जागा सांगत होतो:
तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा.
निवृत्तीनंतर अनामत भरून सभासद झालो.
सध्या पान एकोणीस.
तो अवघड लिहितो, मध्येच डुलकी लागते,
एक परिच्छेद तर तीनदा वाचला.
मत अजून काही नाही.

सिन्नरचं तिकीट
पुढच्या पानांखाली बोटाला लागतंय.