नखाएवढं जांभळं

कुताइसीत, पुलाजवळच्या गल्लीत
दोदो तीन दिवस कोऱ्या कॅनव्हाससमोर बसून.
नदीचा गढूळ पांढरा काही केल्या जमेना,
म्हणून चहा टाकला, तोही उतू गेला.

तेवढ्यात समोरच्या सज्जात लामारा आली.
नवरा जाऊन चाळीस दिवसही नाहीत अजून.
काळा झगा, काळा रुमाल,
आणि कोपरापर्यंत हात
आलुबुखारांच्या रसात.
चटणीचा टोप ढवळता ढवळता
तिनं बोट चाटलं,
फारच आंबट असावं, एक डोळा मिटला,
आणि हसली.
मग दचकून इकडेतिकडे पाहिलं,
कुणी बघितलं तर नाही?

दोदो पडद्याआड सरकली.
नदी पुसून टाकली.
काळ्यात जांभळं मिसळलं, नखाएवढं.
जरा जास्तच झालं.
राहू दे, म्हणाली.
शेगडीवर चहा करपत होता.