पान एकशे बारा

घणसोलीत, सातव्या मजल्यावर,
अजून अकरा खोकी उघडायची आहेत.
‘किचन, फुटेल’, ‘कागद’, ‘इतर’,
आणि एकावर नुसतंच प्रश्नचिन्ह, माझ्याच अक्षरात.
पडदे नाहीत म्हणून खिडकीला चादर.
चादरीच्या वर उरलेल्या फटीतून
पारसिकचा डोंगर आत डोकावतो,
नवी भाडेकरू बघायला आलेल्या शेजारणीसारखा.

आणि मी, वय एकोणपन्नास,
गुंडाळलेल्या गादीला टेकून
गोडमिट्ट कादंबरी वाचतेय.

नायिकाही घर सोडून आलीय,
कुठल्याशा थंड गावात.
तिला मावशीचं घर आयतं मिळालंय.
(मला अकरा महिन्यांचा करार,
पोलीस पडताळणी, आणि वर डिपॉझिट.)
तिचं छप्पर गळतं,
पण गळतं असं, की नेमका तेव्हाच
एक उंच बेकरीवाला शिडी घेऊन रस्त्याने जातो.
बेकरीवाल्याकडे शिडी कशाला, विचारू नका.
मी विचारलं नाही.
पान उलटलं.

माझ्याकडे हरेश मढवी आले, नळाला.
शिडी होती. गालाला खळी नव्हती.
“वायसर गेलाय ताई,” म्हणाले,
खिशातून दुसरा काढून बसवला,
आणि निघताना, चपला घालता घालता,
उपड्या पुस्तकाकडे बघून :
“आमची पण वाचते. शेवट आधी वाचते.”

पुस्तक कोपरखैरण्याच्या लायब्ररीतलं.
माझ्या आधी कुणीतरी वाचलंय, हातात पेन्सिल घेऊन.
पान चौतीस, समासात : ‘इतकं सोपं नसतं.’
सत्तावन्न, बेकरीवाल्याच्या खांद्यांपाशी : ‘हं!’
त्र्याऐंशीला चहाचा गोल डाग,
शेजारी, ‘या घरात भांडी कोण घासतं?’
मी एकटीच मोठ्याने हसले.
रिकाम्या खोलीत हसू दुप्पट होतं,
अडवायला भिंतीवर साधं कॅलेंडर नाही.

चोवीस वर्षं
असलं पुस्तक हातात दिसलं की तो म्हणायचा,
“हे वाचतेस? तू?”
मग त्याच्यासमोर मी जाडजूड काहीतरी वाचायची.
त्यातलं आज एक वाक्य आठवत नाही.
आठवतात ती ओट्याशी उभ्याने वाचलेली चुंबनं,
कुकरच्या शिट्ट्या मोजत.
तिसरीला पुस्तक डाळीच्या डब्यामागे.

आता दीड वाजलाय.
दिवा घालव, असं कुणी म्हणत नाही.
मला वाटलं होतं, याचंच वाईट वाटेल.
वाटतंही, एखाद्या प्रकरणाच्या शेवटी, थोडं.
मग ती भिंत रंगवायला घेते,
तिच्या नाकाला रंग लागतो
(यांच्या नाकालाच का लागतो नेहमी?)
आणि मी पुन्हा मऊ,
चहात जास्त वेळ राहिलेलं बिस्कीट.

पान एकशे बारा.
तो किल्ली मागतो. ती देत नाही.
‘ये की, पण बेल वाजवून ये,’ म्हणते.
इथे समासात पेन्सिल बराच वेळ टेकलेली दिसते,
काळा ठिपका, जवळजवळ भोकच,
आणि मग अगदी बारीक : ‘असू दे.’

त्यापुढे शेवटपर्यंत एकही खूण नाही.
तिने पुस्तक मिटलं,
की हरकत न घेता नुसतं वाचत गेली,
कळायला मार्ग नाही.
‘ती’ म्हणतेय मी. तोही असेल.

पेन्सिल शोधायला उठले.
‘कागद’मध्ये नाही.
‘इतर’मध्ये चार्जर, बंद खात्याची पासबुकं,
लिंबाच्या लोणच्याची बरणी. (इथे कुणी ठेवली? मीच.)
शेवटी प्रश्नचिन्हाचं खोकं फोडलं.
आत दाराची बेल, वेष्टनातली,
महिन्यापूर्वी घेऊन विसरलेली,
पक्ष्याच्या आवाजाची.

पुस्तक परत करायला पाच दिवस आहेत.
शेवट मी आधी वाचणार नाही.
मढवी बेलही बसवतात का,
सकाळी विचारायला हवं.