ब्रेकचा दांडा

मी मधल्या डब्यात उभी असते.
पुढे बारा माणसं, मागे बारा,
आणि हातात लाकडी मुठीचा एक दांडा.
टोर्किलनं बत्तीस वर्षं धरून
मूठ साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत केलेली.

आमच्या गाडीला इंजिन नाही.
साखळी शिखरावर नेते आणि हात झटकते,
पुढचं उतारानं बघावं, आणि मी.
गारठ्यात ग्रीस आळसावतं, गाडी कुरकुरते,
उन्हात सैल सुटते.
लग्नाचं वऱ्हाड बसलं, हेरिंग-बिअर रिचवून,
तर चौथ्या उतारावर दांडा दोन बोटं जास्त.
शाळेची पोरं हलकी, त्यांना सोडून द्यायचं.
हे कुठं लिहिलेलं नाही.
"कानानं चालव, सिसेल," टोर्किल म्हणायचा,
"लाकूड आधी बोलतं, माणसं मागून ओरडतात."

एप्रिलमध्ये, फाटक उघडण्याआधी,
आस्गर सुतार हातोडी घेऊन सांगाड्यात शिरतो,
एकेक फळी ठोकत.
ठक म्हणाली तर राहू दे.
भद् म्हणाली तर काढ.
असं करता करता
पहिल्या वर्षाची एकही फळी उरलेली नाही.
तरी बायका नातवंडांना सांगतात,
याच गाडीत तुझ्या आजोबांनी माझा हात धरला होता.
मी हो म्हणते. खोटं कुठं आहे?
उतार तोच आहे.

जेवणाच्या सुट्टीत टोर्किल इतिहास काढायचा,
राईच्या पावाबरोबर, तोंड भरलेलं असताना.
रशियात म्हणे हिवाळ्यात उंच मचाण बांधायचे,
त्यावर पाणी ओतायचे, रात्रीत बर्फ.
दरबारातल्या बायका घागरे आवळून घसरत यायच्या
आणि खाली पोचल्यावर पुन्हा खानदानी व्हायच्या.
मग पेनसिल्व्हेनियात कोळशाची गाडी,
डोंगरावरून आपल्या वजनानं उतरणारी.
रिकामे डबे वर ओढायला खेचरं,
आणि खाली येताना खेचरांनाही एक डबा.
त्यांना ती सवारी इतकी भावली
की पायी उतरायला ती राजीच होईनात.
"म्हणजे बघ," टोर्किल बोटावरचं लोणी चाटत म्हणायचा,
"पहिला हौशी प्रवासी खेचर होतं."

फ्रेंच लोक या खेळाला रशियन डोंगर म्हणतात,
रशियन म्हणतात अमेरिकन टेकड्या.
भीतीचं माहेर
जो तो दुसऱ्याच्या गावात दाखवतो.

सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी टोर्किल आला.
काठी टेकत. फुकट नको म्हणाला,
तिकीट काढलं, रांगेत उभा राहिला,
आणि बसला अगदी पुढे,
व्हिगा नावाच्या, दोन दात पडलेल्या पोरीशेजारी.
या रस्त्यावर तो जन्मात कधी बसला नव्हता.
ब्रेकवाल्यानं ओरडायचं नसतं, डोळे मिटायचे नसतात,
आणि बसायचं तर नसतंच.

शिखरावर क्षणभर सगळं थांबलं.
खाली करडी खाडी, पलीकडे स्वीडनचा किनारा,
एक सीगल आमच्याहून खाली.
मग पडलो.

दुसऱ्या उतारावर मी पाहिलं,
त्यानं काठी मागे ओढली,
माझ्या दांड्याच्या अर्धा श्वास आधी.
तिसऱ्यावर पुन्हा. चौथ्यावर पुन्हा.
मी त्याच्या पाठीकडे बघून चालवू लागले,
शिकाऊ असताना चालवायचे तशी.

आणि शेवटच्या उताराआधी
त्यानं काठी पोरीच्या हातात दिली.
कानाशी वाकून काहीतरी सांगितलं.
दोन्ही हात वर केले.
आणि ओरडला,
बत्तीस वर्षांचं, फाटक्या आवाजात, लाज सोडून.

व्हिगानं डोळे विस्फारून वाट पाहिली,
जरा जास्तच पाहिली. माझा हात शिवशिवत होता.
पण ती ओढेपर्यंत मी ओढलं नाही.

गाडी फलाटावर ठरल्या जागेच्या हातभर पुढे थांबली.
"आई, मी थांबवली!" पोरगी उडी मारून पळाली,
आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही.

त्यानं काठी उचलली, टोपी सारखी केली.
पाणावलेले डोळे वाऱ्यानं झाले असतील.
जाता जाता म्हणाला,
"तिसऱ्या वळणाखालची एक फळी भद् म्हणतेय.
आस्गरला सांग."