सोमवार नसताना

रात्री दहानंतर काही द्यायचं नाही,
डॉक्टर म्हांबरे म्हणाल्या. पाणी सहापर्यंत.
तारलीला हे कोण सांगणार?

चौदा वर्षांची. मूत्रपिंडं अर्ध्यावर आलेली,
हृदयात कुरकुर, जुन्या पंख्यासारखी,
आणि मागची दाढ सडलेली, म्हणून हल्ली
बांगड्याचा तुकडाही मान वाकडी करून खाते.
भूल झेपेल ना?
"बघू," म्हणाल्या.
तेवढा एक शब्द घेऊन मी शिवोलीच्या बसमध्ये बसले.

तीन दिवस सलाईन. बाटली खिडकीच्या गजाला,
सुई मानेच्या सैल कातडीत,
आणि मी मोठ्यानं विजेचं बिल वाचते,
थकबाकीसकट,
कारण माझा आवाज चालू असला की ती हलत नाही.

वजन दोन किलो सातशे.
आधी मी काट्यावर, मग आम्ही दोघी.
वजाबाकी तीनदा केली.

पहाटे वाटी उचलली.
ती फरशीवरच्या ओल्या वर्तुळापाशी बसून राहिली,
वाळेपर्यंत.

साडेसातला रेमेदियाचा हॉर्न.
"नुस्तें जाय गे?"
आज नको.
"माजराक?"
तिचा उपास आहे.
"आज सोमार न्हंय गे!"
मग दाढेचं, भुलीचं सगळं सांगितलं.
तिनं टोपलीतून एक मुडदुशी काढून
माझ्या हातावर ठेवली.
"सांजेक दी. काटे काडून."
पैसे घेतले नाहीत.

मासळी फ्रीजरमध्ये. पिंजऱ्यात जुना टॉवेल.
रिक्षा दारात.
कडी लावताना तारलीनं जाळीतून
माझं बोट चाटलं, नीट, दोन्ही बाजूंनी.

आता हे डॉक्टरांना सांगायचं का?